हेमाताईची वाट

आमच्या ऑफिसात कुणीही नवा कोड लिहून हेमाताईसमोर ठेवला की ती चष्मा कपाळावर ढकलायची, स्क्रीनजवळ नाक नेऊन चार ओळी वाचायची आणि विचारायची, “किती थांबायचं?”

नव्या माणसाला वाटे, बाईंना घाई आहे. तो चाचरत म्हणे, “ताई, दहा मिनिटांत होईल.” मग हेमाताई मोठ्याने हसे. “तू नाय रे बाबा. तुझा प्रोग्राम. समोरच्याकडनं उत्तर नाय आलं, तर त्यानं किती थांबायचं? आनि थांबून झाल्यावर काय करायचं?” या दोन प्रश्नांची उत्तरं नसली की कोड परत. लिहिणारा कितीही मोठ्या कॉलेजातून आलेला असो.

तिचं ते विचारणं अजून माझ्या कानात आहे. ती कंपनी सोडून आता मी दुसरीकडे आलोय, इथे तसं कोणी विचारत नाही. पण मोबाइलवर ते गोल चाक फिरत राहिलं की मला निर्मळ गावची, हेमाताईच्या घरची ओटी दिसते आणि जीव कासावीस होतो. बायको म्हणते, नेट स्लो आहे, त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? तिला मी काय सांगणार.

मी सावंत. पेशाने टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माझी आई म्हणते, हे तू लहानपणी फुकट करत होतास. आमचं ऑफिस विरार पूर्वेला, चंदनसारला, एका टाइल्सच्या दुकानाच्या वर. मी फुलपाड्याहून चालत जायचो. हेमाताई निर्मळहून स्कूटीवर यायची, पाठीला लॅपटॉप आणि हँडलला पिशवी. पिशवीत वाडीतलं काही ना काही असायचंच. कधी सोनचाफा, कधी वेलची केळी. एखादी रिलीज विनातक्रार पार पडली तर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. आमचे साहेब बोनसचं नाव काढत नसत, पण हेमाताईची सुकेळी मिळाली की पोरांना बढती मिळाल्यासारखं वाटे.

आमचं काम तसं सोपं सांगता येण्यासारखं होतं. वसईतले वाडीवाले आपली फुलं, केळी, भाजी मोबाइलवर टाकणार आणि मुंबईतले दुकानदार ती मागवणार. दिसायला एक ॲप, पण मागे वीस-पंचवीस छोटे प्रोग्राम एकमेकांशी बोलत असायचे. एकजण माल मोजणार, एकजण टेम्पो ठरवणार, एकजण एसएमएस पाठवणार. सगळे बोलते असले की डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. पण एकजण गप्प झाला की त्याच्या उत्तरासाठी दुसरा खोळंबतो, दुसऱ्यासाठी तिसरा. खानावळीत एक वेटर भाकरीसाठी खिडकीशी खिळून उभा राहिला की बाहेर टेबलं तुंबतात, तसं. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला आधीच सांगून ठेवावं लागतं की इतकंच थांब, मग नाद सोड आणि पुढचं कर. याला सगळं जग टाइमआउट म्हणतं. हेमाताईच्या कोडमध्ये त्याचं नाव होतं ‘वाट’.

तिने पहिल्या दिवशीच ते नाव दिलं होतं आणि मग ते सगळ्यांना चिकटलं. त्यामुळे आमच्या ऑफिसात बाहेरच्याला वेड लागेल असं बोलणं चाले. “टेम्पोची वाट किती ठेवलीस?” “माझी वाट कोणी वाढवली?” “ताई, वाट कमी केली तर वाट लागेल.” एकदा एक गिऱ्हाईक मीटिंगसाठी आलं होतं. त्यांनी हे कानावर पडल्यावर साहेबांना बाजूला घेऊन विचारलं की तुमच्या कंपनीत सगळं ठीक चाललंय ना.

तिचा दुसरा नियम होता ‘आधी निर्मळ’. नवी आवृत्ती एकदम सगळ्यांच्या मोबाइलवर सोडायची नाही, आधी थोड्यांना द्यायची, सुखरूप चालली तर बाकीच्यांना. हे शहाणपण सगळीकडेच पाळतात. पण ते थोडे कोण, हे हेमाताईने ठरवलं होतं. तिच्या स्वतःच्या गावचे वाडीवाले. मी म्हटलं, “आपल्याच माणसांवर प्रयोग करतेस?” तर म्हणाली, “बाकीचे मेल टाकतात, सावंत. हे घरी येतात.” आणि खरंच येत. एका आवृत्तीत केळ्यांच्या घडाच्या जागी डझन दिसायला लागलं, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ सायकलच्या कॅरिअरला अख्खा घड बांधून तिच्या दारात उभे राहिले. “हेमा, तुझ्या मोबाइलनं माझ्या घडाचं डझन केलं. मोज.” तिने त्यांच्यासमोर मोजला म्हणे. मग ऑफिसात येऊन मला आधी शिव्या दिल्या आणि मग ती चूक दुरुस्त केली.

आणि तिसरी गोष्ट, जी मी इतर कुठेच पाहिली नाही. काही बिघडलं की त्यावर बैठक व्हायची, आणि बैठकीत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. “नाव नको. काय झालं ते सांग.” कुणी उत्साहाने “सर, ते याने—” असं सुरू केलं की ती हात वर करून थांबवायची. मला आधी वाटलं, हे पुस्तकातलं असेल, आजकाल सगळीकडे शिकवतात. नंतर कळलं, तिला नाव घेण्याचा मनस्वी कंटाळा आला होता. तिच्या गावाने बरीच वर्षं एका गोष्टीसाठी तिचंच नाव घेतलं होतं.

ती गोष्ट मला कळली ती माझ्या कामातून. टेस्टिंगला खोटी गिऱ्हाइकं लागतात. दसऱ्याच्या आधी तर हजारोंनी लागतात, कारण त्या एका दिवशी झेंडूसाठी जी झुंबड उडते तिची तालीम आधी करून पाहावी लागते. मी आपला एबीसी, एक्सवायझेड अशी नावं टाकत होतो. हेमाताई म्हणाली, “असली नावं घातलीस की बग पन खोटेच सापडतात. खऱ्या मानसांची नावं घाल.” मी म्हटलं, खऱ्या माणसांना चुकून एसएमएस गेले तर? ती म्हणाली, “मग गेलेल्यांची घाल. ती तक्रार नाय करनार.” आणि स्वतःच सांगत सुटली. तिची आजी, शाळेतल्या बाई, गावचा कुंभार, विहिरीवरची काकी. त्यांची आडनावं, त्यांच्या वाड्या, कोण किती चिकट होता, कोण फुलं मोजताना चार जास्त टाकायचा. आमच्या टेस्ट सर्व्हरवर निर्मळची मागची पिढी पुन्हा व्यवहार करायला लागली. गंमत म्हणून केलं, पण दुपारी ऑफिसात सामसूम असताना स्क्रीनवर त्या मेलेल्या माणसांच्या ऑर्डरी झरझर सरकायला लागल्या की मला खरंच कसंतरी व्हायचं. हेमाताई मात्र माझ्या खुर्चीमागे उभी राहून एकेकाला ओळखत हसायची.

एक दिवस नावं कमी पडली म्हणून मी आपली चार साधी नावं स्वतःच भरली. म्हात्रे आडनाव त्या भागात घरोघर, म्हणून त्यात एक ‘सुरेश म्हात्रे’ टाकलं. हेमाताई मागे येऊन उभी राहिली. हसली नाही.

“हे नाव काढ.”

“का? ओळखीचे आहेत?”

“हा गेलेला नाय,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला सांगितलं. सुरेश तिचा नवरा. वाडी तोच बघायचा. शांत माणूस, दारू नाही, भांडण नाही. एका सकाळी पंपाचा काही भाग आणायला म्हणून मोटरसायकलवर सोपाऱ्याला गेला आणि परत आला नाही. मोटरसायकल बाजारात सापडली. नीट बाजूला लावलेली, हँडल लॉक केलेलं. चावी मात्र सापडली नाही, कारण ती तो घेऊन गेला होता. चावी घेऊन गेलेला माणूस परत येणार, असं सगळ्यांनी धरलं. पोलीस झाले, वर्तमानपत्र झालं, कोणी नाशिकला पाहिलं म्हणालं, कोणी गुजरातेत. गावात दोन तट पडले. निम्मे म्हणत, खाडीत बुडाला. उरलेले म्हणत, बायको कमावते, कॉम्प्युटरवर बसते, त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून गेला. हे दुसरं बोलणं तिच्या कानापर्यंत गेलं होतंच.

मी ते ऐकून घरी गेलो आणि जेवलो नाही.

पुढे ओळख वाढली तशी हेमाताई त्याबद्दल आपणहून बोलू लागली, पण नेहमी एकाच सुरात. “मी वाट नाय बघत, सावंत. पयल्या वर्षीच सोडली. वाट बघनाऱ्या मानसाला काम होत नाय. सासूबाई बघतात. त्यांच्यासाठी घर तसंच ठेवलंय.” कायद्यातही सात वर्षांची मुदत आहे म्हणे, तेवढ्यात माणसाची काहीच खबर लागली नाही तर कोर्टात जाऊन तो वारला असं मानून घेता येतं. ती मुदत कधीच टळून गेली होती. धाकट्या दिराने, महेशने, वकीलही पाहून ठेवला होता. हेमाताई म्हणायची, “माझं काय अडलंय? पन आईंचं काळीज फाटेल.”

अडलं होतं ते आईंचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ऑपरेशन साधं, पण त्या दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. घराला कुलूप लागता कामा नये, असा त्यांचा हट्ट. सुरेश आला आणि दार बंद दिसलं तर? मुलीकडे वसईला त्या एका रात्रीसाठीही गेल्या नव्हत्या. आता तांदूळही बोटांनी चाचपून निवडत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, मला वाडीपुरतं दिसतं. आणि वाडीपुरतंही दिसत नव्हतं. हेमाताई ऑफिसात बसून सगळ्या जगाच्या प्रोग्रामांना थांबण्याची मर्यादा घालून देत होती आणि घरी एक बाई तिच्या डोळ्यांदेखत आंधळी होत होती. हे तिला खात असे. मला ते दिसत असे.

एकदा रविवारी तिने मला बायको-मुलीसह जेवायला बोलावलं. निर्मळला दुपारी वाडीत शिरलं की उकाडासुद्धा हिरवा वाटतो. जेवण झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो होतो. हेमाताई उठली, पडवीत गेली, ताडपत्री ओढली. खाली ती मोटरसायकल. पुसलेली, टायरांत हवा. नंतर करून घेतलेली चावी तिने लावली, किक मारली, गाडी सुरू केली आणि हात एक्सलेटरवर ठेवून नुसती उभी राहिली. “दर रविवारी चालू करावी लागते,” आवाजावर आवाज चढवून ती मला म्हणाली, “नायतर बॅटरी उतरते.”

तेवढ्यात आतून आई आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, पदराला हात पुसले, आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग आत गेल्या. माझी मुलगी मला बिलगून बसली.

आणि मग तो दसरा आला.

आमच्याकडे श्रुती नावाची एक मुलगी नवीन लागली होती. हुशार, भराभर काम करणारी, फुलपाड्यातच आमच्या पुढच्या गल्लीत राहणारी. एसएमएस पाठवणारी बाहेरची सेवा अधूनमधून रखडत असे. श्रुतीने सरळ विचार केला. एसएमएस थोडा उशिरा गेला तर कुणाचं काय बिघडतं? त्याच्यासाठी थांबायचंच कशाला? तिने त्या ठिकाणी वाट शून्य करून टाकली. विचार अगदी बरोबर होता. टेस्टमध्ये पास, कारण माझी खोटी एसएमएस सेवा पटकन उत्तर द्यायची. निर्मळला पास, कारण तिथे चार ऑर्डरी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र झेंडूवर उड्या पडल्या, एसएमएसवाले गुदमरले आणि आमचं सगळंच्या सगळं ठप्प झालं. दुकानदारांच्या मोबाइलवर चाक फिरतंय, वाडीवाले टेम्पो भरून उभे, कुठे जायचं कळत नाही. साहेब घाम पुसत फेऱ्या मारत होते.

हेमाताई शांत बसली. “मागची आवृत्ती आना,” एवढंच म्हणाली. तिच्या शिस्तीमुळे मागे फिरायची सोय नेहमी तयार असायची, तशी ती होती. चहा गार व्हायच्या आत झेंडू पुन्हा चालू लागला. मग तिने आदल्या आणि नव्या कोडमधला फरक काढून पाहिला, त्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि एसएमएससाठी वापरलेल्या तयार लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडची, माहिती उघडून वाचली.

बैठक तिथेच, उभ्या उभ्या झाली. “नाव नको,” हेमाताईने सवयीने सांगितलं. पण श्रुतीचा चेहराच नाव सांगत होता. ती रडायला आली. “ताई, मी शून्य टाकलं. मला वाटलं, शून्य म्हणजे थांबूच नको.”

“सगळ्यांना तसंच वाटेल,” हेमाताई समजुतीने म्हणाली. “पन हे लिहिनाऱ्यांनी वेगळं ठरवलंय. आकडा घातला तर तेवढंच थांबनार. शून्य घातलं म्हनजे मर्यादाच नाय. शून्य म्हनजे कायम...”

आम्ही वाट बघत राहिलो. तिचं बोट स्क्रीनवर त्या शून्यावरच होतं. तिने ओठ हलवून तेच शब्द पुन्हा म्हटले, आवाज न काढता. मग खुर्ची मागे सारून जिन्यावर गेली. श्रुतीला वाटलं, आपल्यावर चिडली. मी तिला म्हटलं, तुझं काही नाही, तू चहा घे, आणि मागोमाग गेलो.

हेमाताई टाइल्सच्या खोक्यावर बसली होती. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“सावंत, मी सगळ्यांना काय सांगते? वाट नाय बघत. शून्य.” तिने नाक पुसलं. “पाच वर्षं बघनार असं म्हटलं असतं, तर पाच वर्षांनी संपली असती. मी आकडाच नाय घातला.”

मी तिच्या शेजारच्या खोक्यावर बसून राहिलो. खाली दुकानात कोणी फरशी कापत होतं, त्याचा आवाज येत होता.

“आईंशी बोलनार मी,” शेवटी ती म्हणाली. “विधी करून टाकू म्हननार. कोर्टाचं पन. रविवारी तू ये. मला एकटीला नाय जमनार.”

मी गेलो. अशा घरगुती गोष्टीत बाहेरच्याने बसू नये, हे मला कळत होतं, पण तिने शब्द घेतला होता. आई ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. हेमाताईने पाट ओढला, समोर बसली, “आई” म्हणाली आणि तिथेच अडली. ज्या बाईने बँकेच्या साहेबांना भर मीटिंगमध्ये गप्प केलेलं मी पाहिलं होतं, तिच्या तोंडून पुढचा शब्द निघेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

“सुरेशचं करायचं म्हनतेस ना?” आईच म्हणाल्या.

हेमाताईने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “हो.”

आईंचा हात सुपात फिरत राहिला. “कर. मला कवाच ठाऊक हाय. आयशीला कळतं. त्या पयल्या दिवाळीलाच माझ्या मनानं घेतलं, पोर नाय राहिला.”

“मग इतकी वर्षं तुम्ही...” हेमाताईचा आवाज चिरकला. “घराला कुलूप नको म्हनता, दवाखान्यात जात नाय...”

“अगं, तू दर आयतवारी ती गाडी चालू करतेस. म्हटलं, हिचा जीव गुंतलाय त्यात. मी जर म्हटलं, तो गेला, चल माझे डोळे कर, तर ही मोडून पडेल. म्हनून मी आपली थांबले तुझ्यासाठी.”

“मी गाडी तुमच्यासाठी चालू ठेवत होते, आई!”

“माझ्यासाठी?” आईंनी सूप खाली ठेवलं. “मला तो आवाज ऐकवत नाय गं बाय.”

आमच्या धंद्यात असं होतं. दोन प्रोग्राम समोरासमोर उभे राहतात, हा म्हणतो तू आधी सोड, तो म्हणतो तू आधी सोड, आणि दोघेही जन्मभर तसेच. त्याला डेडलॉक म्हणतात. पुस्तकात त्याच्यावर उपाय दिलेले आहेत. त्या दोघी एकमेकींचे हात धरून रडत होत्या तेव्हा मी वाडीत जाऊन केळीच्या झाडांमधून उगीच फिरत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. मला वाटलं, संपलं.

कोर्टाचं काम महेशने मार्गी लावलं. नोटीस निघाली, कोणी पुढे आलं नाही, आणि ज्या दिवशी कागद हातात आला त्या दिवशी हेमाताईने ऑफिसात येऊन नेहमीसारखे तिघांचे कोड तपासून दिले. आईंच्या डोळ्यांची तारीख विधीनंतरची घेतली. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, तसा महेशने दिला. दहाव्याला निर्मळच्या तळ्यावर या, असा तिचा निरोप आला. ऑफिसातून मी एकटाच गेलो.

सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. पलीकडे देवळात घंटा वाजत होती. पिंड पानावर ठेवून सगळे बाजूला झाले. कावळे भरपूर होते. समोरच्या चिंचेवर बसून आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. महेश पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “वहिनीला मी अंतर देणार नाही, दादा.” एक कावळा उडाला आणि पुन्हा फांदीवर बसला. मग आई काठी टेकत गेल्या. “सुरेश, डोळे करून घेते रे. तू जा आता.” कावळा हलला नाही. कोणी पुटपुटलं, वाडीचं सांगा. कोणी म्हणालं, पंपाचं राहिलं होतं. सगळ्यांच्या नजरा हेमाताईकडे वळल्या. तिने काहीतरी बोलावं, असं सगळ्यांना वाटत होतं. ती पदर घट्ट धरून उभी होती. तिने तोंड उघडलं नाही.

ऊन वर आलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “दर्भाचा कावळा करूया,” ते हळू आवाजात म्हणाले. “शास्त्रात आहे, चालतं.” तिने मान डोलावली. त्यांनी दर्भाच्या काड्या पिरगळून एक गाठ केली आणि ती पिंडाला लावली. झालं. बायकांनी डोळे पुसले. गुरुजींनी बजावलं, आता निघा आणि कुणी मागे वळून पाहू नका.

आम्ही पायऱ्या चढून वर निघालो. पुढे महेश, मध्ये आईंचा हात धरून हेमाताई, सगळ्यांच्या मागे मी. वरच्या पायरीवर तिने आईंचा हात महेशच्या हातात दिला आणि थांबली. मला वाटलं, चप्पल अडकली. ती पूर्ण वळली आणि तळ्याकडे बघू लागली. मी तिच्या खालच्या पायरीवर होतो. तिची नजर माझ्या डोक्यावरून जात होती.

“आला काय?” तिने विचारलं.

कोण, ते मी विचारलं नाही. मागे बघायचं नव्हतं तरी मीही बघितलं. पिंड होता तसाच होता, तळ्याकाठी माणूस नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.